पिवळ्या पट्टीच्या मागे

"छातीत पेसमेकर असलेल्यांनी हात वर करा," प्रयोग दाखवणारी ताई म्हणाली.

विज्ञान केंद्राच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. एकाचाही हात वर गेला नाही. तिसऱ्या रांगेतल्या सलूनवाल्या आजोबांचाही नाही. शेजारी बसलेल्या नातीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आजोबा छताकडे बघत बसले.

स्टेजवर एका खांबावर कलिंगडाहून मोठा, चकचकीत धातूचा गोळा होता. प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहायचं, गोळ्यावर हात ठेवायचा. मशीन सुरू झालं की अंगात वीज भरते आणि डोक्यावरचे केस ताठ उभे राहतात. ताईनं बोलावताच मुलांची झुंबड उडाली. आजोबाही नातीचा हात धरून रांगेत शिरले.

"तुम्ही कशाला येताय?" नात म्हणाली. "तुमचे केस कुठे आहेत उभे राहायला?"

"आहेत की चार, कानामागे. त्यांना हौस नसते होय?"

नात हसली नाही. "आजोबा, ती ताई काय म्हणाली ऐकलंत ना?"

"तू गप्प बस बघू."

पंचेचाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानात असंच प्रदर्शन आलं होतं. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. बायको कुणाला न विचारता स्टुलावर चढली, वेणी सोडली, आणि बघता बघता तिचे केस चहूबाजूंनी उधळले. पुढे सलूनमध्ये आजोबांच्या हाताखालून हजारो डोकी गेली, पण तसं डोकं पुन्हा दिसलं नाही. "या ना, काही होत नाही!" म्हणत तिनं मोकळा हात त्यांच्याकडे केला होता. सगळं मैदान बघत होतं. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. लाजलो असं ते सगळ्यांना सांगत, पण खरं तर घाबरले होते. तिला जाऊन आता दीड वर्ष झालं होतं, आणि तो पुढे केलेला हात काही केल्या नजरेसमोरून हलत नव्हता.

रांग पुढे सरकली. ताई प्रत्येकाला थांबवून, चेहऱ्याकडे बघून विचारत होती.

"काका, हृदयाचा काही त्रास?"

"ठणठणीत आहे मी."

"छातीत मशीन वगैरे?"

"नाही."

ताई जागची हलली नाही. आजोबांच्या लक्षात आलं, आपला तळवा डाव्या खांद्याखाली गच्च दाबलेला आहे. गर्दीत पाकीट सांभाळावं तसा.

"पुन्हा विचारते," ती हळू आवाजात म्हणाली. "एकदा बटण दाबलं की मला विचारायला वेळ नसतो, काका."

नात खाली मान घालून बुटाच्या टोकानं जमीन उकरत होती. तिला त्यांनी खोटं बोलायला लावलं नव्हतं, पण गप्प बसायला लावलं होतं.

"आहे," आजोबा म्हणाले. "दोन वर्षं झाली. मी नको म्हणत होतो, बायकोनंच मागे लागून बसवायला लावलं. पण एकदाच, ताई. माझ्या जबाबदारीवर. हवं तर लिहून देतो."

"तुम्ही द्याल लिहून. पण तुम्ही कोसळलात तर ते ही पोर बघेल." तिनं स्वतः एक खुर्ची उचलली, दूर जमिनीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीच्या मागे नेऊन ठेवली. "मशीन चालू आहे तोवर पट्टीच्या पुढे पाऊल नको. हिनं हाक मारली तरी नको."

आजोबा खुर्चीत बसले नाहीत. खुर्चीशेजारी उभे राहिले.

नात स्टुलावर चढली. ताईनं तिच्या रिबिनी सोडल्या, हात गोळ्यावर ठेवला, बटण दाबलं. घरघर सुरू झाली. आधी कपाळावरची एक बट हलली, मग दुसरी, आणि मग सगळेच केस उठले, पसरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नातीनं मान वळवली आणि आजोबांना पाहून सगळं विसरली.

"आजोबा, या ना! काही होत नाही!"

तिनं मोकळा हात पुढे केला.

आजोबांचं पाऊल उचललं गेलं. बुटाचं टोक पट्टीला लागलं.

"काका!" ताई ओरडली. तिचा हात बटणाकडे झेपावला.

पण आजोबा थांबले होते. त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ते नुसते बघत राहिले. या वेळी त्यांना स्वतःसाठी अजिबात भीती वाटत नव्हती.

मशीन बंद झालं. उरलेली वीज उतरवायला ताईनं लांब दांडी गोळ्याला टेकवली, चट्ट आवाज झाला. मग नातीला खाली उतरवलं, जमिनीवर नीट उभं केलं आणि म्हणाली, "आता जवळ घ्या हिला. आता चालेल."

नात पळत आली. केस अजून पुरते बसले नव्हते. रोज सकाळी उभी राहायची तशी तिनं आजोबांकडे पाठ केली. "विंचरून द्या."

आजोबांनी शर्टाच्या खिशातून कंगवा काढला. प्लास्टिकचा, जुना. तो कोरड्या केसांतून दोन-तीनदा फिरवला तशी वरची बारीक लव पुन्हा उठली. त्यांनी तळवा तिच्या डोक्यापासून चार बोटं वर धरला. केस त्याच्याकडे ओढले जाऊ लागले. एक तळव्याला लागला, मग आणखी पाच-सहा.

"झालं का, आजोबा?"

"हलू नकोस," आजोबा म्हणाले. "अजून थोडं."