डबाभर माती

आर्मेनियातल्या आजीच्या कबरीवर घालायला आईनं आजीच्या मूळ गावच्या, आता तुर्कस्तानात असलेल्या अंगणातली डबाभर माती घेतली होती. तुर्कस्तान-आर्मेनिया सीमा बंद, म्हणून जॉर्जियामार्गे परतत होतो; जॉर्जियाच्या नाक्यावर कस्टमवाल्यानं विचारलं, "कुठली माती?" "पश्चिम आर्मेनिया," आई म्हणाली. "पूर्व अनातोलिया," आमचा तुर्की ड्रायव्हर नेजात म्हणाला. त्या एकाच मुलखाला काय म्हणायचं, यावरूनच सकाळपासून दोघं भांडत होते. कस्टमवाला गोंधळला. "म्हणजे दोन देशांची?" "एकाच अंगणातली," दोघं एकदमच म्हणाले आणि एकमेकांवर उखडले. कुणाची बाजू घ्यावी, मला कळेना. कस्टमवाल्यानं डबा कचऱ्यात ओतला. "कुठलीही असो, माती नेता येत नाही." आईनं रिकामा डबा मांडीवर घेतला. नाका ओलांडल्यावर नेजातनं गाडी थांबवली. आईच्या पायाखालची रबरी मॅट उचलली. आजीच्या अंगणातला चिखल मॅटवर वाळून बसला होता. ती डब्यावर झटकत म्हणाला, "घ्या मावशी, तुमचं पूर्व अनातोलिया." आई यावेळी भांडली नाही. "मागची मॅटही झटक," म्हणाली.