थांब्याची सुनावणी

बोलायला जाण्याआधी प्रांजलनं पडद्याच्या फटीतून सभागृहात डोकावून पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत जनीकाकी बसलेल्या. गळ्यात परिषदेचं ओळखपत्र, मांडीवर परिषदेचीच कापडी पिशवी. शेजारी त्यांची सून रंभा. व्यासपीठावर कुणी प्राध्यापक लोकसहभागावर बोलत होते आणि दोघी मान हलवत ऐकत होत्या.

या इथे कशा, असं मनात येईपर्यंत प्रांजलला कालचं आपलं बोलणं आठवलं. काल फोनवर तिनंच सांगितलं होतं, "काकी, उद्या सभागृहात या आणि तुमची हरकत मांडा." सभागृह म्हणजे ती जिथे इंटर्नशिप करत होती त्या सरकारी कार्यालयातलं, वरच्या मजल्यावरचं. पण पनवेलच्या रिक्षावाल्याला सभागृह म्हटल्यावर त्यानं त्यांना फुलांची कमान दिसली तिथे आणून सोडलं होतं.

शिरढोणच्या पुढे जनीकाकींचं गाव. तिथला बसथांबा उचलून महामार्गाच्या पलीकडे न्यायचा प्रस्ताव होता. त्याची सुनावणी आज, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. तोवर कुणाची हरकत आली नाही, तर प्रस्ताव मंजूर होणार होता.

ती वाकत वाकत तिसऱ्या रांगेत गेली.

"आलीस का बाय," जनीकाकी हळूच म्हणाल्या. "आमचा नंबर कवा हाय? लय बोलतोय यो साहेब."

"काकी, सुनावणी इथे नाही. चूक माझी झाली. चला लवकर."

दारात शार्दूल उभा होता. विद्यापीठात तिच्याच वर्गातला, आजच्या कार्यक्रमाची धावपळ त्याच्याकडेच होती. "कुठे निघालीस? यांच्यानंतर तूच आहेस."

"तू वाच माझं. सगळं लिहिलेलं आहे."

"प्रांजल, फेलोशिपवाले पहिल्या रांगेत बसलेत. त्यांना तुला ऐकायचंय, मला नाही."

तिनं एकदा व्यासपीठाकडे पाहिलं. मागच्या पडद्यावर पुढच्या वक्त्याचं नाव आलं होतं. तिचं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत विषय: सरकारी सुनावणीला लोक का येत नाहीत? दोन महिने ऑफिस सुटल्यावर बसून तिनं ते लिहून काढलं होतं.

"वाच ना रे," ती म्हणाली आणि रिक्षा शोधायला पळाली.

कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या रिकाम्याच होत्या. अरुंधती मॅडम एकट्या टेबलामागे बसून पेनाचं टोपण लावत होत्या. सुनावणी त्यांच्याकडे होती आणि प्रांजलला काम शिकवायचं तेही त्यांच्याचकडे. तिला बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"तुला आज परिषदेची सुट्टी दिली होती ना?"

"मॅडम, मी यांना चुकीच्या सभागृहात पाठवलं होतं."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग दोघींच्या गळ्यातल्या ओळखपत्रांकडे. मग टोपण काढलं. "बसा. बोला, काय हरकत आहे तुमची?"

जनीकाकी बसल्या नाहीत. पदर सावरून, जरा घसा साफ करून म्हणाल्या, "आदरणीय व्यासपीठ."

मॅडमना हसू आवरेना. रंभानं लाजून खाली पाहिलं. "सकालपासून समदे असंच बोलत होते," ती पुटपुटली.

"बोलू द्या त्यांना," मॅडम म्हणाल्या.

मग मात्र जनीकाकी आपल्या बोलीत आल्या. बाजारातून बायका संध्याकाळी परततात, डोक्यावर पाट्या असतात. शाळेतली पोरं त्याच वेळेला उतरतात. आणि त्याच वेळेला कळंबोलीकडचे ट्रक सुटतात. "नवा थांबा कागदावर चांगला हाय. वर छप्पर हाय, बसायला बाकडा हाय. पण आमी पलीकडं उतरून घरी कसा येणार, ता सांगा."

"सिग्नल देणार आहोत तिथे."

"द्या. पण मॅडम, तुमी एकदा संध्याकालची येऊन बघा. मंग काय ता ठरवा."

मॅडमनी हरकत लिहून घेतली. "आजच येते," त्या म्हणाल्या. "प्रांजल, तूही चल."

संध्याकाळी जीपमध्ये प्रांजलनं मोबाइल पाहिला. शार्दूलचा निरोप होता. 'वाचलं सगळं. टाळ्या पडल्या. मग एकानं विचारलं, लोक यावेत म्हणून काय करायला हवं? तू असायला हवी होतीस.' तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि खिडकीतून येणारा वारा अंगावर घेत बसून राहिली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

नव्या थांब्याच्या जागेपाशी जीप थांबली आणि चौघी उतरल्या. समोर महामार्ग, पलीकडे गाव. ऊन उतरलं होतं. ट्रक एकामागून एक येत होते, मधे फट म्हणून पडत नव्हती. मॅडमनी एक पाऊल रस्त्यावर टाकलं आणि मागे घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा टाकलं. या खेपेला जनीकाकींनी त्यांचं मनगटच धरलं.

"दम धरा. अजून नाय."

भोंगा वाजवत एक ट्रेलर गेला. मॅडमच्या ओढणीचं टोक उडून प्रांजलच्या तोंडावर आलं.

"प्रांजल," रस्त्यावरची नजर न हलवता मॅडम म्हणाल्या, "प्रस्ताव परत पाठवायचा. उद्या सकाळी सही घे माझी."

"हो, मॅडम."

"आता आपण पलीकडे कसं जायचं?"

"जाऊ ना," जनीकाकी म्हणाल्या. "मी हाय."

दिवे लागले तरी चौघी तिथेच उभ्या होत्या, आणि मॅडमनी आपला हात सोडवून घेतला नव्हता.