घर तिच्या नावावर

“शेवटी शेवटी बाबा तुमच्याच हातचं जेवायचे?” तिच्या धाकट्या भावाच्या वकिलानं तिला विचारलं.

“माझ्याच. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड फिरवायचे.”

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हे सांगताना तिचा ऊर भरून आला. भाऊ भांडून घर सोडून गेला, तेव्हापासून सगळं आयुष्य तिनं म्हाताऱ्याच्या उशापायथ्याशी काढलं होतं. बाबांनीही मृत्युपत्रात घर एकट्या तिच्या नावावर केलं. माया, दुसरं काय!

“म्हणजे ते पुरते तुमच्या मुठीत होते. तुम्ही म्हणाल तिथे सही करणार!” वकील न्यायाधीशांकडे वळला.

झालं! वेडी कुठली. कौतुक सांगायला गेली आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. मृत्युपत्र रद्द झालं तर भाऊ घर विकायला लावणार, आणि या वयात तिनं जायचं कुठे?

तिच्या वकिलानं तिला खाली बसवलं आणि घाईघाईनं बाबांच्या पत्ते खेळण्यातल्या जोडीदाराला बोलावलं. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्याची सही होती.

“मुठीत? तो?” जोडीदार हसला. “अहो, त्यानं सख्ख्या बापाचं ऐकलं नाही कधी!”

“मग यांच्याच हातचं का जेवायचे?” भावाच्या वकिलानं विचारलं.

जोडीदारानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “म्हणायचा, दुसऱ्या बाईची सवय लागली तर पगार द्यावा लागेल. ही फुकट आहे.”

“आणि घर?” न्यायाधीशांनी विचारलं. “शपथ घेतलीय तुम्ही. खरं ते सांगा.”

“पोराची जिरवायची होती, साहेब. डाव मांडला की रोज त्याचाच विषय. म्हणाला, कुत्रा पाळला असता तर घर त्याला दिलं असतं. कुत्रा नाही, म्हणून हिला.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. तिचा वकील मात्र हरखून तिच्या कानाशी लागला, “जिंकलो, ताई! आता विचारलं की फक्त हो म्हणा.”

“बाई, हे खरं आहे? त्यांचा तुमच्यावर जीव नव्हता?” न्यायाधीशांनी विचारलं.

तिनं समोरचं टेबल घट्ट धरलं. नाही म्हणावं, तर डोक्यावरचं छप्पर जातं.

“हो, साहेब,” ती म्हणाली. “नव्हता.”

न्यायाधीशांनी मृत्युपत्र ग्राह्य धरलं. घर तिचं झालं.

बाहेर जिन्यापाशी भाऊ उभा होता. आता हा शिव्यांची लाखोली वाहणार म्हणून ती अंग चोरून पुढे निघाली. त्यानं तिचा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा कसा खुलला होता.

“ऐकलंस ना, ताई? रोज माझाच विषय काढायचे बाबा!”