उसना पुलर

सोनाबाईच्या हॉटेलाला फळ्या लागलेल्या पाहून मोतीराम रस्त्याच्या कडेलाच थबकला. हाताचं ग्रीस त्यानं पँटीला पुसलं. मग स्वच्छ झालेला हात पुन्हा पुसला.

"बासरले गेली ते," मागून माणिकराव म्हणाले. "नातवाच्या हाती पाटी द्याची हाय सरस्वतीपुढं."

वांकिडीच्या माणिकरावांची जीप बॉनेट उघडून मोतीरामच्या दुकानापुढं उभी होती. तिचा आल्टरनेटर बाकड्यावर मोकळा पडला होता. बेअरिंग गेलेलं. जुनं बेअरिंग शाफ्टवरून ओढून काढायला पुलर लागतो, आणि पुलर होता रस्त्यापलीकडं, थोरल्या भावाच्या, चंपतरावांच्या दुकानात.

ही गंमत इचोड्यात सगळ्यांना ठाऊक होती. दोघा भावांचं दुकान पूर्वी एकच. एकदा एका ट्रकचं नवं बेअरिंग नागपूर यायच्या आतच किंचाळायला लागलं. शाफ्टवर बेअरिंग बसवताना मार आतल्या कडीवर द्यायचा असतो. शाफ्टवरून पाईपचा तुकडा घालायचा, तो आतल्या कडीवर टेकवायचा आणि पाईपवर ठोकायचं. कोणीतरी घाईत सरळ बाहेरच्या कडीवर हातोडा घातला होता. कोणी, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. चंपतराव म्हणाले, मोतीरामनं. मोतीराम म्हणाला, दादानं. त्या एका घावानं दुकान दुभंगलं, मग चुलीही वेगळ्या झाल्या.

हत्यारांची वाटणी चुलत्यांनी, बापूजींनी केली. पुलर थोरल्याला, बेअरिंग बसवायचे पाईप धाकट्याला. म्हणजे एकाला नुसतं काढता यावं आणि दुसऱ्याला नुसतं बसवता यावं! म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं सारा रस्ता म्हणाला. बापूजी ऐकत विडी ओढत राहिले. पुढं बापूजी गेले, वाटणी तशीच राहिली.

भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, पण हत्यारांचं जाणं-येणं सुरू राहिलं. चंपतराव पुलर सोनाबाईच्या काउंटरवर ठेवून जात, मोतीराम तो उचलून नेई. पाईप उलट दिशेनं जात. चंपतराव ते परत करताना इतके चकचकीत पुसून ठेवत, की सोनाबाई म्हणे, दादाचं हत्यार देव्हाऱ्यात ठेवाव लागते. दोघांनाही ती चहा पाजी आणि हत्यारासोबत बातमीही पोचवी. राहीवहिनीला थंडीताप आहे. मोतीरामची गाय व्याली. एवढं सोडलं तर दोघा भावांमध्ये आता काही उरलं नव्हतं.

रस्त्याचा निष्कर्ष मात्र सोपा होता: दोघंही सारखेच चिक्कू. धाकट्यानं एक पुलर आणावा, थोरल्यानं लेथवर पाईप कापून घ्यावेत, कटकट मिटली. पण हात सुटेल तर ना!

माणिकरावांनीही तेच काढलं. "अरे, एक पुलर घेऊन टाक ना बाप्पा! दर खेपेले भावापुढं हात काऊन पसरतं?"

"जाऊन येतो," मोतीराम म्हणाला.

"आज राहू दे म्हणलं. सोनाबाई उद्या येईन. मले घाई नाई, मुक्कामच हाय माहा इथं."

मोतीराम तोवर अर्धा रस्ता ओलांडून गेला होता.

वाटणीनंतर त्या दारात त्यानं पाऊल ठेवलं नव्हतं. चंपतराव पाठमोरे बसले होते. समोर रोटर उभा, शाफ्टवर नवं बेअरिंग, आणि हातोडीचे हलके, सरळ ठोके पडत होते. ठोके पाईपवर पडत होते.

मोतीरामचे पाईप तर त्याच्याच बाकड्यावर होते. हा वेगळा. आणि नवाही नव्हता. मार खाऊन खाऊन त्याची वरची कड बाहेर उलटली होती. असा पाईप एक-दोन हंगामांत होत नाही.

परवाच तर दादानं पाईप मागून नेला होता. पुसून परत ठेवला होता.

उजेड अडला तसे चंपतराव वळले. पाईप झाकायला हात पुढं गेला, आणि मग तिथंच राहिला.

"सोनाबाई नाई आज," मोतीराम म्हणाला. "पुलर पाह्यजे होता."

चंपतरावांनी खिळ्यावरचा पुलर काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. नजर खालीच. "पाह्यलंच ना तू. मले तुहा पाईप लागत नाई. तूबी एखांदा पुलर घेऊन टाक. झाली मंग मागामागी."

मोतीरामनं पुलर उचलला. उंबऱ्यापर्यंत गेला आणि उभा राहिला.

"मी कुठून घेऊ, दादा? हाच आणून देतो संध्याकाळी," तो म्हणाला. "आन् त्या पाईपची कड उलटली हाय. बेअरिंग तिरपं बसन. माहा घेऊन येतो सोबत."

चंपतरावांनी हातातल्या पाईपकडं पाहिलं. बेअरिंग अगदी सरळ बसलं होतं.

"आणजो," ते म्हणाले. पाईप बाजूला ठेवत म्हणाले, "वहिनी चा करन."

मोतीराम परतला तेव्हा माणिकराव पान चघळत होते. "देला काय चिकट्यानं?"

"देला."

माणिकराव हसत बाजाराकडं वळले. ते दिसेनासे झाल्यावर मोतीरामनं बाकड्याखालची पत्र्याची पेटी ओढली, तळाशी चिंधीत गुंडाळलेला आपला जुना, झिजलेला पुलर काढला आणि बेअरिंग ओढून घेतलं. मग दादाचा पुलर संध्याकाळी परत न्यायचा म्हणून फडक्यानं चकचकीत पुसून ठेवला.