संध्याचं खोकं

युटाची हद्द संपल्याची पाटी दिसली आणि त्र्यंबक चक्क पळायला लागला. पाठीवर बारा किलोंची सॅक, वय चौसष्ट. समोर लाल खडकांच्या पायथ्याशी ॲरिझोनातलं ते चिमुकलं गाव दिसत होतं. दोन मोटेलं, एक पेट्रोल पंप, पर्यटकांच्या बसेस. मनगटावरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. दुकान पाचला बंद होणार होतं.

दुकान ट्रेकिंगच्या सामानाचं. लांबवर चालणारे लोक पुढच्या टप्प्याचं खाणं अशा दुकानात पार्सलने आधीच पाठवून ठेवतात. त्याच्या बायकोने, संध्यानेही मार्चमध्ये पाठवलं होतं. दोघं मिळून चालायचं ठरलं होतं. तिची केमो चालू होती, तरी दोन दिवस तिने त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. "ऑक्टोबरपर्यंत मी ठणठणीत होते की नाही बघा," म्हणाली.

जूनमध्ये ती गेली.

आज एकतीस ऑक्टोबर, हंगामाचा शेवटचा दिवस. कुणी न नेलेली खोकी उद्या फोडणार, मग ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. संध्याच्या हातचं शेवटचं खाणं परक्यांच्या सॅकमध्ये!

खिशात फोन वाजला. रेंज आली होती. डब्लिनहून लेक, वल्लरी.

"बाबा, तू धापा का टाकतोयस?"

"पळतोय! पाचला बंद करतात गं!"

"गुडघा, बाबा! थांब जरा. बॉर्डर क्रॉस केलीस का?"

"केली, केली!"

"मग तिथे चारच वाजायचेत. युटावाले उन्हाळ्यात क्लॉक तासभर पुढे करतात, ॲरिझोनावाले करत नाहीत. इतके महिने प्लॅन केलास आणि हे नाही बघितलंस?"

"घड्याळाचं सगळं तुझी आई बघायची."

तो रस्त्यातच उभा राहून मोठ्याने हसला. अख्खा एक तास, फुकटात! तरीही उरलेला उतार तो पळतच उतरला.

काउंटरमागे पिकल्या केसांची बाई होती. "कुणाच्या नावाचं?"

"संध्या."

तिने फळीवरची खोकी चाळली, नकारार्थी मान हलवली. "या नावाचं काहीच नाही."

त्र्यंबक काउंटरवर वाकला. "नीट बघा हो. मार्चपासून पडलंय."

"मार्चपासूनचं एकच आहे. त्यावर त्र्यंबक लिहिलंय."

अक्षर संध्याचंच होतं. नाव फक्त त्याचं. त्याने खोकं छातीशी धरलं, बाहेरच्या बाकावर बसला आणि चाकूने टेप कापली. मेतकूट, भाजणी, खिचडीची पाकिटं, लसणाची चटणी. नुसत्या वासानेच तोंडाला पाणी सुटलं.

प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी चिकटवलेली होती. सदतीस वर्षांत तिने कुठल्याच डब्यावर काही लिहिलं नव्हतं. तिला लागायचंच नाही. आणि त्याने कधी गॅससुद्धा पेटवला नव्हता. आता तिने लिहिलं होतं, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत: "आधी पाणी उकळा. मग हे टाका. झाकण ठेवा. घाई करू नका."

त्याने तळापर्यंत हात घातला. तिच्या रुमालात गुंडाळलेला चमचा होता.

एकच.