साखरेची वाट

गोड खाल्लं की सहा वर्षांची चित्रा ओकायची. घर केळीबागांचं, पण पोरगी केळ्याला शिवेना. “हट्टी कुठली!” म्हणत आजी झुंबरबाईंनी एकदा बळेच केळं भरवलं. पोर निपचित पडली. तिला उचलून त्या जळगावला धावल्या. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या बाणांनी भरलेल्या नकाशावर बोट ठेवलं. “अक्का, खाल्लेलं अन्न अंगात या वाटांनी फिरतं. फळांच्या आणि उसाच्या साखरेची ही वाट हिच्यात जन्मापासून बंद. दूध, भात, भाकरी खुशाल द्या.” “म्हंजे पोर हट्टी नव्हती?” “शहाणी! गोड टाळूनच जगली. दात बघा, एकही किडलेला नाही!” झुंबरबाईंनी नातीला पोटाशी धरलं. पुढं गावातल्या एका लग्नात वाढप्यानं जिलेबी आणताच त्यांनी तिच्या पानावर हात धरला. “इची वाट बंद हाये, भूक नाही! भात आन!” चित्रा पहिल्यांदाच पोटभर लग्न जेवली.