केसरीनाथचा जाड बॅनर

केसरीनाथचा चेहरा पुन्हा चोरीला गेला. टेमघर नाक्यावर नुसता बांबूंचा सांगाडा उरला होता. आठ दिवसांतला हा पाचवा बॅनर.

गोदामांच्या भाड्यावर केसरीनाथचं उत्तम चाललं होतं. फक्त नगरसेवक व्हायचं राहिलं होतं. दोनदा पडला, पण बॅनर थांबले नाहीत. दहावी पास झालेल्या पोरांना, कुणाच्या बारशाला, सगळीकडे ‘भावी नगरसेवकांतर्फे हार्दिक शुभेच्छा’. हळदीच्या मांडवात लोक आता त्याला नुसतं ‘भावी’ म्हणून हाक मारायचे. ते ऐकून त्याच्या बायकोने, निशाने, मांडवात जाणंच सोडलं होतं. यंदा तो शब्द पुसायचाच, असं त्याने तिला वचन दिलं होतं.

“काका, हे विरोधकाचंच काम हाय,” पुतण्या भावेश म्हणाला.

“अरे, त्याच्या बॅनरला तर कोनी हात पन लावत न्हाय. लोक माझाच नेतात. प्रेम हाय रे!” केसरीनाथने आणखी वीस बॅनर छापायला टाकले आणि ते प्रेम डोळ्यांनी बघायला नाक्यामागच्या चाळीत शिरला.

प्रेम अंगणातच पसरलं होतं. त्याच्या कपाळावर सीताबाईचं सुकट वाळत होतं. शेजारच्या जैनबच्या मोरीला पडदा म्हणून तोच लटकला होता, हात जोडून. भावेशने मान खाली घातली. केसरीनाथला मात्र भरून आलं. घराघरात पोचणं म्हणतात ते हेच, याबद्दल त्याला काडीची शंका उरली नाही.

“काकी, विरोधकाचा का न्हाय आनला?”

“त्याचा दोन दिसांत फाटतो. तुजा जाड हाय,” सीताबाई सुकट परतत म्हणाली.

केसरीनाथने बॅनरवरच्यासारखेच हात जोडले. “मंग या खेपेला मत मलाच ना?”

“न्हाय रं पोरा. तुला पाडायचा, असा आमी सगल्या बायांनी ठरवलाय. मागं बी आमीच पाडला.”

“मी काय वाईट केलं तुमचं?”

सीताबाईने त्याच्याकडे मायेने बघितलं.

“ज्याला निवडून दिला, त्यानं पाच वर्सं, पुढची निवडनूक येईपत्तुर, एक बॅनर लावला न्हाय. तू दोनदा पडलास, दोनदा परत लावलास. असा मानूस हातचा घालवायचा कसा?”